ढिगाऱ्यातली ओवी

नानांच्या वर्षश्राद्धाला मोठा कार्यक्रम करायचा ठरलाय, असं आलोकनं लातूरहून फोनवर सांगितलं तेव्हा मी नांदेडला घरी बारावीचे पेपर तपासत बसले होते. आलोक माझा धाकटा भाऊ. नानांचा स्टुडिओ आता तोच चालवतो. त्यानं मला दोन कामं नेमून दिली. स्मरणिकेसाठी नानांचा जीवनपट लिहायचा, आणि किल्लारीला जाऊन शिवकांताबाईंना कार्यक्रमाचं आमंत्रण द्यायचं.

"फोनवर ती बाई बोलतच नाही, ताई," तो म्हणाला. "तू बाईमाणूस, वर शिकवणारी. तुझं ऐकतील. भाषण नको काही, स्टेजवर नुसत्या बसल्या तरी पुरे. लोकांना बघायचंय त्यांना."

नाना म्हणजे वसंतराव मुरुडकर. 'स्वरमांजरा' कॅसेटवाले म्हटलं की आमच्या भागातल्या चाळिशीपुढच्या माणसाला आणखी काही सांगावं लागत नाही. ते गेले तेव्हा वर्तमानपत्रांनी 'मराठवाड्याचा आवाज जपणारा माणूस' असं लिहिलं होतं. मी त्यांची मुलगी. शिकवते रसायनशास्त्र, पण घरात 'लिहिणारी' म्हणून हे काम माझ्या गळ्यात पडलं.

लिहायला बसले आणि लक्षात आलं, नानांनी काय केलं नाही हे लिहिणं सोपं गेलं असतं. मुरुडच्या बाजारात त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं टपरीवजा दुकान होतं. त्यातून लग्नांना आणि सप्ताहांना लाऊडस्पीकर भाड्यानं द्यायला लागले. एका सप्ताहातलं भजन त्यांनी टेपवर घेतलं आणि दुसऱ्या गावच्या सप्ताहात कुणी गायला नव्हतं तेव्हा तेच लावलं. लोक टेप मागायला आले. नानांना धंदा सापडला. मग लातूरला गंजगोलाईच्या मागच्या गल्लीत एक खोली, भिंतींना गोधड्या लावलेला स्टुडिओ, आणि भजन, गोंधळ, मंगलाष्टका. पोरांना पाढे पाठ करायची कॅसेट. तुरीवरच्या अळीवर काय फवारावं याची कॅसेट, तीही चालीवर. नवरा-बायकोच्या भांडणाची विनोदी कॅसेट, जी आमच्या घरात लावायला बंदी होती. एका निवडणुकीत दोन्ही उमेदवारांना त्यांनी एकाच चालीवर गाणी करून दिली, नुसती नावं बदलली. दोन्ही प्रचाराच्या जीपा एका चौकात समोरासमोर आल्या तेव्हा लातूर हसलं होतं. नाना सगळ्यांत जास्त हसले.

"आपण गाणारे न्हाई, ऐकणारे," ते म्हणायचे. "लोकांचा कान कुठं हाय तेवढं बघायचं."

आणि या सगळ्याच्या मधोमध 'ढिगाऱ्यातली ओवी'. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर दिवाळीच्या सुमारास आलेली कॅसेट. किल्लारीची एक आई आपल्या गाडल्या गेलेल्या पोरासाठी ढिगाऱ्यापाशी बसून ओवी म्हणतेय. ना पेटी, ना तबला, मागं नुसता पावसाचा आवाज. मी तेव्हा नववीत होते. ती कॅसेट एसटी स्टँडवर, हॉटेलात, जीपमध्ये, सगळीकडं वाजायची. बाया रस्त्यात उभ्या राहून डोळे पुसायच्या. आमचं आजचं घर त्या कॅसेटवर उभं राहिलं, हे आमच्याकडं अभिमानानंच सांगितलं जायचं.

नीज माझ्या वैजू रे, निजलं सारं गाव,
वाऱ्याला बी झोप आली, तुझं घेता घेता नाव.

ही ओवी मला पाठ होती. आमच्या पिढीतल्या सगळ्यांनाच पाठ आहे.

शनिवारी मी किल्लारीला गेले. नव्या गावात सगळ्या गल्ल्या सरळ आणि एकसारख्या, तरी घर सापडायला वेळ लागला नाही. 'गाण्यातली शिवकांताबाई' म्हटल्यावर पानटपरीवाल्यानं हातानंच दाखवलं. सांगताना मात्र जरा दबल्या आवाजात म्हणाला, "पेपरवाल्या असाल तर न जाल तर बरं."

दार तिशीच्या आतल्या एका बाईनं उघडलं. ती सुकन्या, शिवकांताबाईंची मुलगी. भूकंपानंतर पत्र्याच्या शेडमध्ये जन्मलेली. औशाला दिलेली, आईचे गुडघे दुखतात म्हणून चार दिवस माहेरी आलेली. मी नाव सांगितलं तशी ती दारातच थांबली.

"मुरुडकर म्हणजे कॅसेटवाले?"

"त्यांची मुलगी."

ती आत बघत म्हणाली, "आई, त्या मानसाची पोरगी आलीय. बसू देऊ का?"

आतून थोड्या वेळानं आवाज आला. "उनातून आलीय. बसू दे."

शिवकांताबाई भिंतीला टेकून, पाय लांब करून बसल्या होत्या. साठीच्या असतील. कॅसेटच्या कव्हरवरचा फोटो मी लहानपणापासून बघत आले होते, ढिगाऱ्याशी बसलेली, पदर डोक्यावरून घसरलेला. समोरचा चेहरा त्याच्याशी जुळेना. मी पिशवीतून पत्रिका काढली, मोठ्या अक्षरांत नानांचं नाव असलेली, आणि सगळं सांगितलं. कार्यक्रम कधी, कुठं, गाडी पाठवतो, सत्कार आहे, साडी-नारळ आहे. बोलता बोलता माझं मलाच ऐकू यायला लागलं, तशी मी थांबले.

"तुमचे वडील गेले तर," शिवकांताबाई म्हणाल्या. "काय झालं व्हतं?"

"किडनीचा त्रास होता. शेवटी लई हाल झाले."

त्यांनी मान हलवली. बरं झालंही म्हणाल्या नाहीत आणि वाईट झालंही म्हणाल्या नाहीत.

"आई येणार न्हाई," सुकन्या म्हणाली. "तुम्हाला ठाऊक न्हाई का काही? का ठाऊक असून आलाव?"

"काय?"

"माझ्या लग्नात काय झालं ते."

मला खरंच माहीत नव्हतं. तिनं उभ्या उभ्याच सांगितलं. नानांनी मधल्या काळात त्या ओवीचं डीजे मिक्स काढलं होतं, ते मला माहीत होतं. 'वैजू रे, वैजू रे' एवढाच तुकडा घेऊन खाली धडधडता ठेका. गणपतीत, वरातीत पोरं त्यावर नाचायची. मी नानांना तेव्हा विचारलंही होतं. ते म्हणाले होते, "रडायचं गाणं मानूस एकदा ऐकतं. नाचायचं रोज वाजतं."

सुकन्याच्या लग्नाला नवऱ्याकडच्या पोरांनी डीजे आणला होता. त्यांना बिचाऱ्यांना काय माहीत. वरात मारुतीच्या पारापाशी आली आणि ते लागलं. तिचे वडील रेवणप्पा पुढं पाहुण्यांचं स्वागत करत होते. त्यांनी हातातलं तबक तिथंच टाकलं आणि जाऊन डीजेच्या वायरी ओढल्या. पोरं प्यालेली. कुणीतरी त्यांना ढकललं. फेटा पडला, तो तुडवला गेला. वरपक्षाचा अपमान झाला म्हणून लग्न मोडायची वेळ आली.

"मग आप्पानं हात जोडून माफी मागितली," सुकन्या म्हणाली. "समद्या मांडवासमोर. त्याच्या मेलेल्या पोराच्या नावावर लोक नाचले आणि माफी त्यानं मागितली. त्याच्यानंतर त्यो मानूस घराच्या बाहेर निघाला न्हाई. दुसऱ्या वर्षी गेला."

सुकन्या आत चहा ठेवायला गेली. रागानं भांडी आपटेल असं वाटलं, पण आवाज आला नाही.

मग शिवकांताबाईंनी बोलायला सुरुवात केली. माझ्याकडं न बघता, दाराकडं बघत.

"लोकं म्हनतेत, मी पोरगं गेल्याच्या दुःखात गायले. तसं न्हाई, बाई. मला त्यो गेल्याचं ठाऊकच नव्हतं. दुसरा दिवस व्हता. सासूबाई निघाल्या व्हत्या, मेलेल्या. वैजनाथ निघाला नव्हता. आतून आवाज येतोय म्हनून एक जन म्हनला. दुसरा म्हनला, न्हाई येत. पाऊस लागलेला. मिलिटरीवाले पल्याडच्या गल्लीत व्हते."

त्यांनी पदरानं तोंड पुसलं. घाम होता.

"ती ओवी त्याला निजवायची व्हती. पन त्यो लई द्वाड. निजलं सारं गाव म्हनलं की त्यो मुद्दाम डोळे उघडून वरडायचा, 'मी जागा हाय.' रोजचं. मग मी हसायची, मग त्यो हसायचा. म्हनून मी दगडावर आडवी झाले, फटीला तोंड लावलं आन म्हनायला लागले. म्हनलं, आत असंल तर वरडंल."

आत स्टोव्हचा आवाज चालू होता, तो बंद झाला. सुकन्या दारात येऊन उभी राहिली.

"तवा तुमचे वडील आले. लातूरच्या मानसांसंगं भाकरी, चादरी घेऊन आलेले. चांगलं मानूस वाटलं. मला पानी पाजलं. डोळ्यात पानी व्हतं त्यांच्या, खोटं कशाला बोलू. खांद्याला मशीन व्हती. मला वाटलं रेडिओवाले हायेत, नाव सांगितलं तर मिलिटरी इकडं येईल. मी त्यांना पोराचं नाव सांगितलं. वैजनाथ रेवणप्पा. ते म्हनले, बाई, आत्ता म्हनत व्हतात ते परत म्हना. मी परत फटीला तोंड लावलं. ते म्हनले, आसं न्हाई. जरा इकडं तोंड करून म्हना."

त्यांनी दुखरा गुडघा दोन्ही हातांनी धरला.

"मी केलं. शानं मानूस सांगतंय, म्हनून केलं. मशीनकडं तोंड करून समदी ओवी म्हनले. दोनदा. त्येवढा येळ मी पोराकडं पाठ केली व्हती."

"आई, पुरे," सुकन्या म्हणाली.

"त्यो संध्याकाळी सापडला," शिवकांताबाई म्हणाल्या. "लोकं म्हनले, पहिल्याच धक्क्यात गेला असंल. मलाबी तसंच वाटतं. पन कुनी बघितलं? त्येवढ्या येळात वरडला असंल तर?"

चहा तसाच गार झाला. निघताना मी पत्रिका उचलून परत पिशवीत ठेवली. त्यांनी माझ्याकडं एकच मागितलं. "त्या दिवशी ते लावू नका. त्याचं नाव माईकवर नको. आमचं येवढंच."

मी शब्द दिला.

तिथून थेट लातूरला गेले. आलोक स्टुडिओत होता. मी सगळं सांगितलं. मला वाटलं होतं तो हादरेल. त्यानं खुर्ची वळवली आणि म्हणाला, "हो, ते मूळ टेपवर आहे."

"काय आहे?"

"नाना म्हणतात ते. 'इकडं तोंड करून.' मागं कुणीतरी ओरडतंय, 'गप बसा रे जरा, आतून आवाज येतोय का ऐकू द्या.' आणि मग लगेच नाना बोलतात. कॅसेटमध्ये ते नानांनी घेतलंच नव्हतं, आणि मूळ टेप कॉम्प्युटरवर घेताना मीही तो भाग काढला."

"तू ऐकलं होतंस?"

"ताई, रेकॉर्डिंगमध्ये असं खूप काही येतं. सगळं ठेवायचं नसतं." मग माझा चेहरा बघून म्हणाला, "नाना काय बंदूक घेऊन उभे होते का? एक माणूस दोन दिवस तिथं भाकरी वाटत फिरला. तो आवाज त्यांनी घेतला नसता तर आज कुणाला ठाऊक असता? किती लोकांनी त्या गाण्यामुळं मदत पाठवली, ते विचार की."

त्याचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. म्हणूनच मला त्याचा जास्त राग आला.

"कार्यक्रमात लावायचं नाही," मी म्हणाले. "मी शब्द दिलाय."

"बरं," तो म्हणाला. "नाही लावत."

जीवनपट मी लिहिला नाही. आलोकनं कुणाकडून तरी लिहून घेतला आणि खाली माझं नाव छापलं, हे मला कार्यक्रमाच्या दिवशी स्मरणिका हातात आल्यावर कळलं. 'किल्लारीच्या वेदनेला त्यांनी वाचा दिली' असं त्यात एक वाक्य होतं. माझ्या नावावर.

सभागृह भरलं होतं. पहिल्या रांगेत माझी आई बसली होती, पांढऱ्यावर बारीक फुलांची साडी नेसून. मला आणि आलोकला स्टेजवर खुर्च्या होत्या. एका माजी पदाधिकाऱ्यांचं भाषण झालं. त्यांनी निवडणुकीच्या गाण्यांचा किस्सा सांगितला, लोक हसले. मग दिवे कमी झाले आणि पडद्यावर नानांचे फोटो यायला लागले. मुरुडचं दुकान, गोधड्यांचा स्टुडिओ, पुरस्कार घेताना. आणि मग ढिगाऱ्याचा तो फोटो आला, आणि ओवी सुरू झाली.

मी आलोककडं पाहिलं. तो पडद्याकडं बघत होता.

लोकांनी मोबाईलचे दिवे लावून हात वर केले. कुणी ठरवून सांगितलं असेल की आपोआप झालं असेल, मला माहीत नाही. सगळं सभागृह हळूहळू हलत होतं. मी उठले, माईकपाशी गेले आणि म्हणाले, "बंद करा ते."

बंद व्हायला वेळ लागला. पहिल्या कडव्याची शेवटची ओळ पुरी वाजली. मग मी सांगितलं. शिवकांताबाईंनी सांगितलं तसंच, जमेल तेवढ्या साध्या शब्दांत. ती आई गात नव्हती, हाक मारत होती. माझ्या वडिलांनी तिला पाठ फिरवायला लावली. तिची मागणी होती की हे लावू नये, आणि आम्ही लावलं. पोराचं नाव मी घेतलं नाही. लग्नाचंही सांगितलं नाही, तो त्यांचा अपमान होता, मी सांगायचा नव्हता.

माझं झाल्यावर सभागृहात शांतता होती. क्षणभर मला वाटलं, पोचलं. मग मागून एकानं टाळी वाजवली आणि सगळे टाळ्या वाजवायला लागले. काही लोक उभे राहिले. सूत्रसंचालन करणारे गुरुजी धावत आले, माझ्या हातातून हलकेच माईक घेतला आणि म्हणाले, "वडिलांच्या आठवणीनं मालविकाताईंचा कंठ दाटून आलाय. एका अमर कलाकृतीच्या जन्माची ही हृदयद्रावक कहाणी आज प्रथमच आपण ऐकली." टाळ्या वाढल्या.

मी स्टेजवरून उतरून आईपाशी गेले. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं.

"घरी चल," मी म्हणाले.

"कार्यक्रम संपू दे," ती म्हणाली. "लोक बघायलेत."

घरी आल्यावर ती देवघराजवळच्या स्टुलावर बसली. मी विचारलं, "आई, तुला माहीत होतं?"

"त्या दिवशी किल्लारीहून आले तसे त्यांनी टेप लावली. मला म्हणाले, सिंधू, ऐक, असा आवाज जन्मात परत मिळायचा न्हाई. मी ऐकली. सगळी ऐकली, ते मागचं बोलणंसुद्धा. म्हटलं, अहो, ते पोरगं निघालं का? ते म्हणाले, मी निघालो तोवर तर न्हाई." तिनं देवापुढचा दिवा सारखा केला. "त्या दिवशी मी जेवले नाही."

"मग?"

"मग काय, मालू. दुसऱ्या दिवशी जेवले."

आलोकचं आणि माझं त्या रात्री भांडण झालं नाही. तो म्हणाला, लोकांची मागणी होती, शेवटच्या क्षणी ऑपरेटरला नाही म्हणता आलं नाही. मी नांदेडला परत आले. पण माझ्या बोलण्याची चित्रफीत कुणीतरी इंटरनेटवर टाकली होती, 'गाण्यामागची खरी कहाणी' असं नाव देऊन. खाली ओवीचा दुवा. इतक्या वर्षांत ऐकली नसेल इतकी लोकांनी ती त्या महिन्यात ऐकली. माझ्या कॉलेजातली पोरंही ऐकत होती. एकजण प्रयोगशाळेत येऊन म्हणाला, "मॅडम, तुमच्या वडिलांचं काम लई भारी होतं."

मी ती ओवी इंटरनेटवरून काढायच्या मागं लागले. आलोकला फोन केला. तो म्हणाला, ते आता आपल्या हातात नाही. नानांनी आजारपणाच्या आधीच सगळ्या कॅसेटींचे हक्क मुंबईच्या एका कंपनीला देऊन टाकले होते. भजनं, पाढे, तुरीवरची अळी, सगळं एकगठ्ठा. मी त्या कंपनीला लिहिलं, दोनदा. दुसऱ्या वेळी उत्तर आलं, की ध्वनिमुद्रणाचे सर्व हक्क कंपनीकडं आहेत आणि गायिकेची त्या वेळी हरकत नव्हती. हरकत घ्यायला ती कुठं बसली होती, हे मी तिसऱ्या पत्रात लिहिलं. त्याला उत्तर आलं नाही.

एका वकिलांकडे गेले. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, केस होऊ शकते, पण बाईंना कोर्टात उभं राहून सगळं सांगावं लागेल, आणि ती मूळ टेप सगळ्यांसमोर वाजवावी लागेल.

ते विचारायला मी सुकन्याला फोन लावला. कार्यक्रमाचं तिला मी सांगायच्या आधीच कळलं होतं, मोबाईलवर. मी माफी मागितली. ती ऐकून घेत राहिली. वकिलांचं सांगितलं तेव्हा तिनं मला मधेच थांबवलं.

"मालविकाताई, तुम्ही मनापासून करायलाव, मला कळतं. पन आता फोन करू नका. इकडं येऊबी नका. तुम्ही येऊन गेलाव त्या दिवसापासून आई रात्रीची उठून जमिनीला कान लावती. हे तिचं सुटलं व्हतं."

"बरं," मी म्हणाले.

तिनं फोन ठेवला. माझी आई आलोकजवळ लातूरलाच आहे. मी दिवाळीला तिकडं गेले नाही.